‘भिर्टोक’ वाचून दाखव!

‘डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं उलटी दिसणं’ हे वाक्य पालकांच्या ग्रुपवर महिन्याआड फिरतंच. इंग्रजीतल्या बी-डीच्या गोंधळावरून ही समजूत पसरली. देवनागरीत आरशातल्या प्रतिबिंबासारख्या जोड्या जवळपास नाहीत (अंकांत ३ आणि ६ आहेत, आणि पहिलीतली कितीतरी मुलं ते उलटे काढतात, म्हणून लगेच घाबरू नये). तरीही मराठी वाचणाऱ्या मुलांत डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला शिकण्यातली अडचण, असतेच. कारण अडचण बहुतेकदा डोळ्यांत नसते, लिहिलेल्या खुणेवरून आवाजापर्यंत पोचण्यात असते. डिस्लेक्सियाच्या तपासणीत हीच वाट पारखतात.

सुरुवातीला नजर आणि श्रवण तपासून घेतात. मग मानसशास्त्रज्ञ आयक्यू टेस्ट घेतात आणि विशेष शिक्षक मुलाचं वाचन, लेखन, गणित कोणत्या इयत्तेच्या पातळीवर आहे ते बघतात. ठरावीक भाग इथे संपतो. खरी गंमत आहे ती निरर्थक शब्दांच्या चाचणीत.

‘कमळ’ हा शब्द हुशार मूल न वाचताही म्हणतं. शेजारी चित्र असतं, धडा पाठ असतो. पण ‘भिर्टोक’? असा शब्दच नाही, तेव्हा अंदाजाला जागा नाही. आता बघा, डोळ्याला आधी वेलांटी भेटते, पण म्हणायचा आधी ‘भ’. पुढे ‘र्’ चा आवाज ‘ट’ च्या आधी येतो, त्याचा रफार मात्र ‘टो’ च्या कान्यावर, म्हणजे ‘ट’ बघून झाल्यावर दिसतो. मेंदूला खुणांचा क्रम मोडून आवाजांचा क्रम लावावा लागतो आणि तोवर सगळे तुकडे कार्यकारी स्मृतीत (काम चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या स्मृतीत) धरून ठेवावे लागतात. सराईत वाचकाला हे जाणवतही नाही. डिस्लेक्सिया असलेलं मूल नेमकं इथे अडखळतं: ‘भिटोक’ म्हणतं, ‘भिरटोक’ म्हणतं किंवा नुसतं थांबतं.

दुसरी चाचणी वेगाची. पाच ओळखीची चित्रं किंवा अंक उलटसुलट क्रमाने दहा-दहा वेळा, असे एकूण ५० छापलेले असतात. भराभर नावं सांगायची आणि वेळ मोजायचा. वाचायला एक अक्षर नाही, तरी या वेळेवरून वाचनाच्या वेगाचा चांगला अंदाज येतो. मराठीत ही चाचणी विशेष महत्त्वाची. इंग्रजीच्या तुलनेत आपली लिपी उच्चाराशी बरीच प्रामाणिक आहे (‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ वगळू), त्यामुळे बरीच मुलं चुका कमी करतात, पण वाचतात फार सावकाश. फक्त चुका मोजणाऱ्याच्या हातून अशी मुलं निसटतात.

तिसरी चाचणी, ‘क्रम’मधला र काढला तर काय उरेल? उत्तर ‘कम’. यासाठी जोडाक्षराच्या आत शिरून एकेक ध्वनी सुटा करावा लागतो. आपण शिकतो बाराखडी, तिथे एकक असतं अख्खं अक्षर. त्यामुळे सुटे ध्वनी हाताळणं आपल्याकडच्या सगळ्याच मुलांना उशिरा जमतं. वाचनाच्या संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या अभ्यासात हेच दाखवलं आहे. म्हणून इंग्रजीसाठी बेतलेली चाचणी नुसती भाषांतर करून चालत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने बनवलेल्या ‘डाली’ या चाचणीसंचात मराठीही आहे. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असलेल्या मुलाची तपासणी दोन्ही भाषांत व्हायला हवी, हे पालकांनी आग्रहाने सांगावं.

आणि हो, बोटांच्या ठशांवरून ‘लर्निंग स्टाइल’ सांगणारे, डोळ्यांवर पट्टी बांधून ‘मिड-ब्रेन’ जागवणारे, रंगीत चष्मे विकणारे यांच्याकडे जाऊ नका. बोटांवरच्या रेषा जन्माआधीच ठरतात, वाचता येतं की नाही हे त्यांना कुठून कळणार?

महाराष्ट्राने डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती १९९६ पासून दिल्या. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया यातच येतो) समावेश झाला. २०१८ च्या केंद्रीय सूचनांनुसार (२०२४ मध्ये त्या सुधारल्या) या अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळे, पुन्हा १४ व्या आणि १८ व्या वर्षी घ्यावं लागे. २०१८ च्या त्याच सूचनांत आयक्यू ८५ च्या वर हवा अशी पायरी होती. ती मला पटत नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेने बुद्ध्यांक आणि शालेय यश यांतल्या तफावतीची अट २०१३ मध्येच सोडली. ७८ आयक्यूच्या मुलालाही ‘भिर्टोक’ त्याच कारणाने अडू शकतो.

मोठ्यांचं काय? त्यांनी संदर्भावरून अंदाज बांधायची कला कमावलेली असते, वर्तमानपत्र सहज वाचतात. पण निरर्थक शब्द, शुद्धलेखन आणि घड्याळ लावून घेतलेलं वाचन यांत जुनी अडचण उघडी पडते. डाली पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी आहे, त्यामुळे मोठ्यांच्या तपासणीत पूर्वेतिहासाला फार वजन येतं. भावंडांना किंवा आईवडिलांना असाच त्रास होता का, हेही विचारतात, कारण डिस्लेक्सिया घराण्यात उतरतो. जुनी प्रगतिपुस्तकं माळ्यावर असतील तर शोधून घेऊन जा. ‘हुशार आहे, पण वाचनाकडे लक्ष द्यावे’ असा दुसरीतल्या बाईंचा शेरा तज्ज्ञाच्या फार कामाचा असतो.