साथरोग परिपत्रक (मुंबई)

साथीच्या काळात महापालिकेचे आरोग्य खाते सरकारी व खासगी डॉक्टरांना देते ती लेखी सूचना. संशयित रुग्ण कोणाला म्हणायचे, कोणती तपासणी कितव्या दिवशी, औषधाची मात्रा किती, रुग्ण कुठे पाठवायचा व कोणाला कळवायचे, हा तिचा गाभा.

मुंबईतील या व्यवहाराची सुरुवात १८९६ च्या प्लेगपासून धरणे सोयीचे आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे निदान केले. म्हणजे बातमी वस्तीतल्या डॉक्टरकडून पालिकेकडे गेली, उलट दिशेने नव्हे. साथ हाँगकाँगहून जहाजांतून आली की कुमाऊँ-गढवालकडील यात्रेकरूंबरोबर, यावर त्या काळी मतभेद होते. हाँगकाँगमध्ये १८९४ पासून प्लेग असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. १८९७ च्या साथरोग कायद्याने वरून हुकूम काढण्याला आधार दिला. आजार कुठे वाढतो आहे याची नोंद ठेवणारा देशव्यापी एकात्मिक रोगसर्वेक्षण प्रकल्प २००४ मध्ये सुरू झाला.

आज शहराच्या प्रशासकीय विभागांतील आरोग्य अधिकारी हा पालिका व डॉक्टर यांच्यातला दुवा आहे. पावसाळ्यात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, प्राण्यांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) परिपत्रकाला विशेष महत्त्व येते. साचलेल्या पाण्यातून एकदाच चाललेल्या, अंगावर जखम नसलेल्या प्रौढाला डॉक्सिसायक्लिन २०० मिग्रॅ एकदाच, ७२ तासांच्या आत. वारंवार पाण्यात जाणाऱ्याला तीच मात्रा आठवड्यातून एकदा. गरोदर स्त्रिया व आठ वर्षांखालील मुलांना त्याऐवजी ॲझिथ्रोमायसिन. ही शेवटची ओळ गळली की चूक थेट रुग्णाला भोवते.

डेंगीत घोळ तारखेचा होतो. एनएस१ तपासणी (रक्तातील विषाणूचे प्रथिन शोधणारी) तापाच्या पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधणारी) त्यानंतर. सहाव्या दिवशी एनएस१ निगेटिव्ह आली म्हणून डेंगी नाही असे समजणे धोक्याचे. म्हणून परिपत्रकात नुसते तपासणीचे नाव पुरत नाही, तापाचा दिवसही लागतो.

व्हॉट्सॲपवर परिपत्रकाच्या पानांचे फोटो सुटे फिरतात. तारीख पहिल्याच पानावर असल्याने गेल्या वर्षीची मात्रा यंदाची म्हणून वापरली जाते. प्रत्येक पानावर तारीख व क्रमांक, आणि मात्रा बदलल्यास 'आधीचे रद्द' ही पहिली ओळ, एवढ्याने बरेच निभावते. झोपडपट्टीतील अनेक दवाखाने बीएएमएस (आयुर्वेद) व बीएचएमएस (होमिओपॅथी) डॉक्टरांचे असतात. ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेमार्फत पाठवलेले पत्र त्यांच्यापर्यंत जात नाही. तिथे आरोग्यसेविकेने छापील प्रत हातात देऊन पोच घेणे हाच खात्रीचा मार्ग.