धोत्र्याचं लॅटिन बारसं

धोत्र्याला वनस्पतिशास्त्रात 'डाटुरा' म्हणतात. वांगी, मिरची, टोमॅटो यांच्याच कुळातला हा विषारी भाऊबंद. नाव ऐकायला लॅटिन, म्हणून शब्दही तिकडचाच असेल असं पुष्कळांना वाटतं. खरं तर तो आपल्याकडून तिकडे गेला, आणि जाताना गोव्यावरून गेला.

मूळ संस्कृत 'धत्तूर'. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानं गोव्यात राहून इथल्या औषधींवर संवादरूपात ग्रंथ लिहिला. तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात एक प्रकरण धोत्र्यावर आहे. एक मोलकरीण सांगत येते, की घरातल्या दासीनं बाईसाहेबांना धोत्रा पाजला, किल्ल्या आणि गळ्यातले दागिने घेतले आणि पळ काढला. बाईसाहेब नुसत्या हसताहेत! ओर्ता इथल्या लोकांच्या तोंडचं नावही टिपतो: 'दातिरो'. म्हणजे आपला धोत्राच, पोर्तुगीज कानानं ऐकलेला. पुढं १५८३ साली गोव्यात आलेल्या लिन्सखोटेन या डच माणसानं बायका नवऱ्याला धोत्रा देऊन गुंगवतात, असं लिहिलं. त्यात खरं किती आणि चावडीवरच्या गप्पा किती, कोण जाणे.

मग गाठ पडली वनस्पतींना शास्त्रीय लॅटिन नावं देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञाशी, कार्ल लिनियसशी. परदेशी 'रानटी' शब्द शास्त्रीय नावांत घ्यायला त्याचा विरोध. पण 'डाटुरा' रूढ होऊन बसलेलं, टाकवेना. १७३७ साली त्यानं पळवाट काढली: शब्द परका असला तरी लॅटिनमधून साधता येतो, तेव्हा राहू द्या. लॅटिनमध्ये 'दारे' म्हणजे देणं आणि 'दातुरा' म्हणजे 'देणार असलेली'. हिंदुस्थानातल्या कामातुर बायका आपल्या थंड नवऱ्यांना याच्या बिया देणार, म्हणून दातुरा! विद्वानाचा हा विनोद आज वाचताना कसासाच वाटतो. पण त्यावर नाव तरलं आणि १७५३ च्या त्याच्या ग्रंथात पक्कं झालं.

गंमत म्हणजे लॅटिन 'दारे' आणि आपलं 'दान' एकाच मूळ धातूचे. धोत्र्याचा मात्र त्या धातूशी काडीचा संबंध नाही. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला आज ओर्ताचं नाव आहे. धोत्रा मिळतो तो चवथीच्या पत्रीत, नाहीतर पडीक कुंपणाकडेला.