पांढरं मांजर हाक का ऐकत नाही?

तांबडं मांजर प्रेमळ, तिरंगी खुनशी आणि काळं आडवं गेलं की काम बिघडलं! शुक्रवार पेठ असो वा राजारामपुरी, रंगावरून मांजराची पत्रिका मांडणारे कोल्हापुरात कमी नाहीत. तांबड्यांत पाचातले साधारण चार बोके असतात, कारण हा रंग देणारा जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि बोक्याकडे एक्स एकच असल्याने त्याला एकच प्रत पुरते. म्हणजे रंगाच्या नावावर खपतं ते बऱ्याचदा बोक्याचं वागणं. काळ्याचा दोष एवढाच, की रात्री गाडीवाल्याला ते दिसत नाही.

पांढऱ्याचं मात्र खरंच वेगळं आहे. अंगभर पांढरं आणि दोन्ही डोळे निळे असलेल्या मांजरांत ६५ ते ८५ टक्के बहिरी निघतात. लोक म्हणतात, माजलंय, हाकेला येत नाही.

रंगपेशी गर्भात पाठीच्या कण्याच्या बाजूला तयार होतात आणि तिथून कातडीकडे, डोळ्यांकडे, आतल्या कानाकडे सरकतात. किट या जनुकात विशिष्ट बदल असला की बऱ्याच पेशी पोचतच नाहीत. कातडीत नाहीत म्हणून केस पांढरे, बुबुळात नाहीत म्हणून डोळे निळे. कानात त्यांचं काम रंगाचं नसतंच. आतल्या कानाच्या शंखाकृती नळीत पोटॅशियमने भरलेला द्रव असतो आणि त्यात सुमारे ८० मिलिव्होल्टचा धन विद्युतदाब टिकवायला भिंतीतल्या रंगपेशी लागतात. आवाजाने केसपेशींवरचे (आवाज टिपणाऱ्या पेशींवरचे) तंतू वाकले की त्यांची दारं उघडतात, या दाबामुळे पोटॅशियम आत घुसतं आणि मेंदूकडे संदेश जातो. रंगपेशीच नसल्या तर दाब टिकत नाही, नळीतला नाजूक पडदा खाली बसतो, केसपेशी मरतात. जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत हे सगळं उरकतं. त्यावर औषध नाही.

तपासायचं तर मांजर झोपलेलं असताना, त्याच्या मागून, चार-पाच हातांवरून किल्ल्यांचा जुडगा वाजवा. टाळी जवळ वाजवू नका, हवेचा झोत मिशांना कळतो. पाय आपटला तर फरशीची थरथर पंजांना कळते. एकाच कानाने बहिरं मांजर या परीक्षेत बिनदिक्कत पास होतं. बहिरं असेल तर रस्त्यावर सोडू नये, मागून गाडी आलेली त्याला कळत नाही.

दुसरा धोका उन्हाचा. कानांची टोकं आणि नाक गोरं असेल तिथे कातडीचा कर्करोग होऊ शकतो. एप्रिलच्या उन्हात पत्र्यावर लोळणाऱ्या पांढऱ्या मांजराच्या कानाच्या कडा बघत जा: आधी लाली, मग कोंडा, मग न भरणारी खपली. भांडणातली जखम समजून हळद लावत बसू नका. दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. वेळेत कानाचं टोक कापलं तर मांजर बहुधा वाचतं. माणसांचं सनस्क्रीनही लावू नका: त्यातलं झिंक ऑक्साइड आणि सॅलिसिलेट मांजर चाटून पोटात घेतं, आणि दोन्ही त्याला बाधतात.