देणगीची पावती आहे, मग वजावट का नाही?

२०२५-२६ या आर्थिक वर्षाचं रिटर्न भरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

रिटर्नचा हंगाम सुरू झाला की आमच्या टेबलावर पावत्यांचे गठ्ठे येऊन पडतात. विम्याच्या, फीच्या आणि हमखास दोन-चार देणगीच्या. "यावर ८०जी छापलंय, बघा," असं सांगतच त्या पुढे केल्या जातात. ८०जी म्हणजे देणगीची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करू देणारं आयकर कायद्याचं कलम. ते छापलेलं असतं, खोटं नाही. तरी त्यातल्या कितीतरी आम्हाला परत द्याव्या लागतात आणि समोरच्याला वाटतं, आम्हीच कुठेतरी कमी पडलो. म्हणून हे पत्रक.

सगळ्यात आधी आपली करप्रणाली कोणती ते बघा. नव्या करप्रणालीत देणगीची वजावट मिळत नाही, पावती कितीही चोख असो. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर तसं सांगावं लागतं. नोकरदारांना ते रिटर्नमध्येच निवडता येतं, धंदा-व्यवसायाचं उत्पन्न असेल तर फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. दोन्ही मुदतीच्या आत. मुदत टळली की जुन्या प्रणालीचा दरवाजा बंद, आणि तिच्याबरोबर ८०जीही गेलं. मात्र निव्वळ देणगीपायी जुनी प्रणाली घेऊ नका. नव्या प्रणालीत भांडवली नफ्यासारखं विशेष दराचं उत्पन्न सोडलं तर १२ लाखांपर्यंत करच लागत नाही. तिथे वाचवणार काय? दोन्ही हिशेब आम्ही मांडून दाखवतो, मग ठरवा.

आता संस्थेकडे वळू. "अहो, संस्था रजिस्टर्ड आहे," हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. कुठे रजिस्टर्ड? धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी वेगळी; ती न्यास कायदेशीररीत्या अस्तित्वात असल्याचं सांगते. आयकर खात्याकडची १२ए किंवा १२एबी नोंदणी संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावर सूट मिळवून देते, देणगीदाराला काही नाही. आपल्या उपयोगाची ती फक्त ८०जीची मान्यता. शिवाय ती कायमची राहिलेली नाही. २०२१ पासून ती मुदतीची झाली, साधारण पाच वर्षांची. नव्या संस्थांना आधी तात्पुरती मिळते. पावतीपुस्तक जुनं आणि मान्यता संपलेली, असं होऊ शकतं. आयकर विभागाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी आहे. चेक लिहिण्याआधी तिच्यात डोकावायला दोन मिनिटं लागतात.

गणपती मंडळाची वर्गणी, देवळातल्या उत्सवाची देणगी, ओळखीच्या कुणाच्या ऑपरेशनसाठी थेट दिलेले पैसे यांना एरवी वजावट नाही. धार्मिक स्थळांपैकी सरकारने अधिसूचित केलेल्यांच्या जीर्णोद्धाराला दिलेली देणगी तेवढी चालते. धान्य, कपडे, पुस्तकं दिलीत तर संस्थेचं भलं होईल, रिटर्नमध्ये मात्र शून्य. वस्तुरूप देणगी कायद्यात बसत नाही.

रोखीबद्दल एक गैरसमज फार चिवट आहे. मर्यादा ₹२,०००. कुणी ₹५,००० रोख दिले तर त्यातले ₹२,००० तरी धरा, असं म्हणतात. नाही धरता येत. सगळेच्या सगळे बाद. चेक, यूपीआय किंवा बँक ट्रान्सफरने द्या, आणि शक्यतो स्वतःच्याच खात्यातून, म्हणजे पुढे विचारणा झाली तर बँक स्टेटमेंट दाखवता येतं.

किती वजावट मिळते, इथे खरी निराशा होते. पंतप्रधान राष्ट्रीय मदतनिधी, मुख्यमंत्री सहाय्यता निधी, राष्ट्रीय संरक्षण निधी अशा मोजक्या निधींना दिलेली रक्कम शंभर टक्के वजा होते, तीही कमाल मर्यादेशिवाय. आपल्या ओळखीच्या बहुतेक संस्था मात्र पन्नास टक्क्यांच्या गटात येतात, आणि त्यावर आणखी दहा टक्क्यांची चौकट आहे. आकडे घालून बघू. समजा एकूण उत्पन्न ₹९,००,०००. त्यातून ८०सीचे (पीएफ, आयुर्विमा वगैरे) ₹१,५०,००० आणि ८०डीचे (आरोग्यविमा) ₹२५,००० गेले, उरले ₹७,२५,०००. (दीर्घकालीन भांडवली नफा असेल तर तोही इथे वगळायचा.) याचे दहा टक्के ₹७२,५००. आपण दिले ₹१,००,०००. हिशेबात धरायचे ₹७२,५००, त्याचे निम्मे ₹३६,२५० ही वजावट. वीस टक्क्यांचा टप्पा आणि उपकर धरून कर वाचला ₹७,५४०. लाखाला साडेसात हजार! उरलेले ₹२७,५०० पुढच्या वर्षी ओढता येत नाहीत. मोठी रक्कम द्यायची असेल तर मार्चअखेर थोडी आणि एप्रिलमध्ये थोडी, असं विभागून द्या.

आणि आता ज्यावाचून अडतं तो कागद : फॉर्म १०बीई. संस्थेने वर्षभराच्या देणग्यांचा तपशील फॉर्म १०बीडीमधून खात्याला ३१ मेपर्यंत कळवायचा असतो. त्यानंतर पोर्टलवरून निघतं ते देणगीदाराचं प्रमाणपत्र म्हणजे १०बीई. त्यावरचा एआरएन क्रमांक रिटर्नमध्ये टाकावा लागतो. संस्थेने तपशील कळवलाच नाही, किंवा आपला पॅन चुकीचा लिहिला, तर हातातली रंगीत पावती खात्याच्या नोंदींशी जुळत नाही आणि वजावट अडकते. उशीर केला तर संस्थेला दिवसाला ₹२०० शुल्क बसतं, पण त्याने आपलं काम होत नाही. चूक असेल तर संस्थेला १०बीडी दुरुस्त करून पुन्हा भरता येतो. तेवढा पाठपुरावा आपणच करायचा. पैसे देतानाच पॅन स्पष्ट अक्षरात लिहून द्या.

एक गोष्ट सरळच सांगतो. "चेक द्या, पाच टक्के कापून बाकी रोख परत," असं कुणी सुचवलं तर ते काम आमच्याकडे आणू नका. पकडलं गेलं तर कर आणि व्याज भरावं लागतंच, वर चुकीची माहिती दिल्याबद्दल कराच्या दोनशे टक्के दंड बसू शकतो. नोटीस संस्थेच्या दलालाला येत नाही, आपल्याला येते.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. या रिटर्नला मात्र १९६१चाच कायदा आणि ८०जी हेच नाव. येताना १०बीई आणि पैसे गेल्याची बँकेतली नोंद घेऊन या. पावती आणली तरी चालेल. १०बीई आलेला नसेल तर संस्थेला आजच फोन करा. शेवटच्या आठवड्यात त्यांचाही फोन लागत नाही आणि खरं सांगायचं तर आमचाही.