सापाचं पिल्लू खात नाही? आधी टाकीच्या तळाचं तापमान मोजा

डिसेंबरात एका रात्री साडेदहाला नाशिकच्या इंदिरानगरहून भाच्याचा फोन आला, "मामा, पाच आठवडे झाले, हा उंदराला तोंडच लावत नाहीये, मरणार तर नाही ना?" हा म्हणजे त्याचा बॉल पायथन, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या छोट्या अजगराचं पिल्लू, वजन ८० ग्रॅम. (आपला अजगर, धामण असे देशी साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि या परदेशी पाहुण्याचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, ती त्याने केलीय.) पोरगं अगदी रडकुंडीला आलं होतं.

दुसऱ्या दिवशी गेलो. सापाची काचेची टाकी खिडकीजवळ, काचेला वरती चिकटवलेलं थर्मामीटर २८ दाखवत होतं म्हणून तो निवांत होता, पण प्रोब (वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा सेन्सर) खाली पिल्लू बसतं तिथे ठेवला तर २३! साप राहतो तळाला, त्यामुळे वरच्या आकड्याचा त्याला काय उपयोग. आणि नाशिकची थंडी तुम्हाला माहितीच आहे, निफाडकडे तर पारा इतका उतरतो की द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवाव्या लागतात.

आपण जेवलो की पचायला लागणारी ऊब आपलं शरीर स्वतः तयार करतं, सापाला ती बाहेरून घ्यावी लागते. त्यात तो उंदीर हाडं-केसांसकट अख्खा गिळतो, तो विरघळवायला पोटातले पाचकरस जोरात चालले पाहिजेत आणि थंडीत ते मंदावतात, मग उंदीर पचायच्या आधीच सडायला लागतो आणि साप तो ओकून टाकतो. हे ओकणं पिल्लाला फार महागात पडतं. पचवणं हे किती मोठं काम आहे बघा, बर्मीज पायथनवरच्या २००५ च्या एका संशोधनात दिसलं की जेवणानंतर ४८ तासांत त्याच्या हृदयाचं वजन ४० टक्क्यांनी वाढतं. म्हणून थंड पडलेलं पिल्लू तोंड फिरवतं ना, ते नखरे नाहीत हो, ते स्वतःचा जीव सांभाळतंय.

आम्ही हीट मॅटला, म्हणजे टाकी गरम ठेवणाऱ्या विजेच्या चटईला, थर्मोस्टॅट (ठरलेलं तापमान आपोआप राखणारं यंत्र) लावला, टाकीची एक बाजू ३२ आणि दुसरी २६ च्या आसपास आणली. दुसरं कारण भीती. जंगलात एवढ्याशा पिल्लाला कोणीही खातं, त्यामुळे उघड्यावर ते खायला धजत नाही, आणि इथे तर रोज मित्र येऊन त्याला हातात घेत होते. टाकीच्या दोन्ही बाजूंना, अंग घासेल एवढी अरुंद, लपायची जागा दिली, तीन बाजूंनी काच कागदाने झाकली आणि आठवडाभर हात लावायचा नाही असं बजावलं. (कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, तेव्हाही बरेच साप खात नाहीत, ते नॉर्मल आहे.)

आठव्या दिवशी संध्याकाळी लाईट मंद केले. फ्रोजन उंदीर आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवला होता, तो पिशवीत घालून गरम पाण्यात धरला, डोक्याकडची बाजू जरा जास्तच. कारण बॉल पायथनच्या वरच्या ओठावर बारीक खाचा असतात, त्यांनी त्याला उष्णता जाणवते, अंधारात गरम उंदीर त्याला वेगळा उठून दिसतो आणि गार उंदीर म्हणजे नुसता दगड. जिवंत उंदीर देऊ नका, तो उलटा पिल्लाला चावतो. मायक्रोवेव्हही नको, आतून शिजतो.

लांब चिमट्याने उंदीर लपायच्या जागेच्या तोंडाशी हळूच हलवला. आधी जीभ बाहेर आली, आत-बाहेर, आत-बाहेर, वास घेत. मग मान मागे जाऊन तिचा इंग्रजी एससारखा वाक झाला, भाच्याने श्वास रोखला, आणि फटकन पकडलं, दोन वेटोळे! मग बराच वेळ काहीच नाही. मग सावकाश डोकं शोधलं आणि एकदा डावा जबडा, एकदा उजवा असा पुढे सरकवत गिळलं.

मोठा बॉल पायथन महिनोन् महिने उपाशी राहू शकतो, पिल्लाकडे तेवढा साठा नसतो, म्हणून किचनच्या काट्यावर दर आठवड्याला वजन करायचं. वजन सतत घटतंय, तोंडाशी बुडबुडे येतायत किंवा श्वासाचा आवाज होतोय तर सरळ साप बघणाऱ्या डॉक्टरकडे न्यायचं, तोंड उघडून जबरदस्तीने भरवायचं घरी अजिबात करू नका.

"आता हातात घेऊ का?" भाच्याने लगेच विचारलं. म्हटलं, दोन दिवस थांब रे, आणि थर्मोस्टॅटला हात लावू नकोस.