नाशिकची आरोग्य आकडेवारी: सरासरीत हरवलेले पाडे

2011 च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या 61 लाखांवर होती आणि साधारण दर चौथा माणूस अनुसूचित जमातीचा होता. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या जिल्हा पत्रकात कुपोषणाचा किंवा रक्तक्षयाचा आकडा एकच असतो. आदिवासीबहुल सुरगाणा तालुक्यातला पाडा आणि नाशिक शहरातल्या गंगापूर रोडची सोसायटी त्या एकाच सरासरीत बसवली जातात.

आदिवासींच्या मोजणीत गुंता झाला तो 1976 च्या कायदादुरुस्तीने. त्याआधी काही जमातींना आदिवासी दर्जा ठरावीक तालुक्यांपुरताच होता. हद्दीपलीकडे राहणारा सख्खा भाऊही यादीबाहेर. हे क्षेत्रबंधन उठवले ते न्याय्यच होते. पण जमातींशी मिळतेजुळते नाव असलेल्या इतर समाजांचे दावे वाढले, आणि राज्यातील अनुसूचित जमातींची नोंदलेली संख्या 1971 मधल्या 29.5 लाखांवरून 1981 मध्ये 57.7 लाखांवर गेली. दहा वर्षांत निव्वळ जन्मांनी एवढी वाढ होत नाही. म्हणजे या दोन जनगणनांमधले 'आदिवासी' हे एकच लोक नव्हेत, आणि त्यांच्या आकड्यांवरून प्रगती मोजता येत नाही. क्षेत्रबंधन उठवण्याच्या निर्णयावर भांडण झाले ते दाखल्यांचे आणि नोकऱ्यांचे. आरोग्याच्या आकड्यांचे काय झाले, हे फारसे कुणी विचारले नाही. आजही बागायती जमीन असलेले कोकणा कुटुंब आणि वीटभट्टीवर राबणारे कातकरी कुटुंब 'एसटी' या एकाच रकान्यात येतात. कातकरी ही राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित जमातींपैकी एक आहे, तरीही.

2005 नंतर गावोगावी 'आशा' आरोग्यसेविका आल्या आणि गावपातळीवरच्या नोंदी खूपच सुधारल्या. मात्र पेठ-सुरगाण्यातली कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरली की गावच्या वहीत 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. मळ्यावर त्यांची नोंद घ्यायची कुणी, हे अनेकदा स्पष्ट नसते. गरोदर बाई आणि तिचे मूल त्या हंगामात दोन्हीकडच्या यादीतून सुटू शकतात. 2021 मध्ये अंगणवाडीच्या वहीची जागा पोषण ट्रॅकर या मोबाइल अॅपने घेतली, पण हा प्रश्न वहीचा नव्हताच.

2018 मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने दाखवून दिले की देशातले निम्म्याहून अधिक आदिवासी आदिवासीबहुल तालुक्यांबाहेर राहतात. त्यामुळे शहराच्या झोपडपट्टीतला आदिवासी योजनेतही सहसा दिसत नाही. 2023 मध्ये सुरू झालेल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराविरुद्धच्या मोहिमेत आदिवासी भागांतल्या 40 वर्षांपर्यंतच्या प्रत्येकाची वैयक्तिक तपासणी करायचे ठरले. माझ्या मते हा योग्य दिशेचा बदल आहे, कारण इथे सरासरी काढण्याआधी माणूस मोजला जातो.

2027 च्या जनगणनेत सर्व जाती मोजल्या जाणार आहेत, त्यामुळे भटक्या-विमुक्तांचीही लोकसंख्या कळू शकेल. दर काढायला छेद मिळेल, अंश मात्र नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या अर्जात धर्म विचारतात, जमात विचारत नाहीत. तो रकाना येईपर्यंत इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या कातकरी बालकांचा मृत्युदर सरकारी नोंदणीतून काढताच येणार नाही.