केस हिरवे होतात ते क्लोरिनमुळे नव्हे

तरणतलावात नियमित पोहणाऱ्यांचे केस क्लोरिनमुळे हिरवे होतात, हा समज अनेक वर्षे प्रचलित आहे. प्रत्यक्षात ती छटा तांब्याची असते. शेवाळ रोखण्यासाठी वापरली जाणारी तांबेयुक्त रसायने, तसेच तांब्याचे पाइप आणि पाणी तापवणाऱ्या यंत्रणेतील झिजलेले भाग यांतून तांबे पाण्यात उतरते आणि केसांतील प्रथिनांना चिकटून बसते. सोनेरी, पांढऱ्या किंवा ब्लीच केलेल्या केसांवर हा रंग उठून दिसतो. काळ्या केसांवर तो दिसत नाही, म्हणून तेथे तांबे साचतच नाही असे मात्र समजू नये.

क्लोरिन अगदीच निर्दोष आहे, असेही नाही. ते केसांवरील नैसर्गिक तेलाचा थर काढून टाकते व त्यांचे बाह्य आवरण खडबडीत करते, आणि अशा सच्छिद्र झालेल्या केसांत तांबे अधिक सहज शिरते. म्हणूनच तलावात उतरण्यापूर्वी केस साध्या पाण्याने पूर्ण भिजवावेत, कारण आधीच पाणी प्यायलेले केस तलावाचे पाणी कमी शोषतात. वर थोडा कंडिशनर आणि टोपी असल्यास उत्तम, जरी कोणतीही टोपी केस पूर्णपणे कोरडे ठेवत नसली तरी. हिरवटपणा आलाच, तर ईडीटीएसारखे धातू बांधून घेणारे घटक असलेला शाम्पू वापरावा. साध्या शाम्पूने तो सहसा जात नाही.

त्वचेसाठी बाहेर येताच कोमट पाण्याने अंघोळ आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, एवढे बहुतेकांना पुरते.